नववी ओळ, चौदावी ओळ

बसथांब्यावरचा बाक म्हणजे दोन लोखंडी पायांवर टाकलेली एक लांब प्लास्टिकची फळी होती. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला कुणी म्हाताऱ्या बाई. मधे दोन माणसं सहज मावतील एवढी जागा, आणि आमचा एकमेकींशी संबंध म्हणाल तर एका बसची वाट पाहण्यापुरता. तेवढ्यात एक भारदस्त गृहस्थ आले, नजरेनंच परवानगी घेतली आणि बरोबर मधोमध टेकले. फळी दबली. मी आत कलले, आणि त्याच क्षणी पलीकडच्या बाईही आत कलल्या. त्यांच्या हातातला कागदी पेला हिंदकळून चहा बाहीवर सांडला. गृहस्थ ओशाळून उठले. फळी सरळ झाली, आम्ही दोघी सरळ झालो. "घ्या, तोल गेला तोही दोघींचा एकदम," बाई बाही झटकत म्हणाल्या. मी हसले, आणि हसता हसता थांबले. आम्ही दोघी मुद्दाम वाकलो नव्हतो, एकीनं दुसरीला ढकललंही नव्हतं. फळी एक होती म्हणून ती तिकडून इकडे आली आणि मी इकडून तिकडे गेले. नववी ओळ आणि चौदावी ओळ. माझी बस आली, तिचं दार उघडलं, मिटलं, ती निघून गेली, तरी मी बाकावरच होते.

माझं काम लोकांना सांगायला अवघड नाही, पटवायला अवघड आहे. मी चुका सांभाळते. आम्ही एक यान बनवतोय. ते पाचशे किलोमीटरवरून फिरत राहील आणि उंच डोंगरातल्या, बर्फाच्या पाण्यानं भरणाऱ्या चिंचोळ्या तळ्यांवर लेझरचा किरण टाकून त्यांची पातळी मोजेल. अशी तळी कधीतरी बांध फोडून खालच्या वस्त्यांवर जातात. पातळी चढतेय हे आधी कळलं तर माणसं वेळेवर हलवता येतात. पण त्यासाठी किरण तळ्यावर पडायला हवा, शेजारच्या कड्यावर नव्हे. यानाला आपलं तोंड कुठे आहे हे तारे बघणारा एक कॅमेरा सांगतो, आणि त्याच्या भरवशावर लेझर खाली रोखला जातो. कुठलीच वस्तू तंतोतंत रोखता येत नाही. कॅमेरा थोडा चुकतो, चाकं थरथरतात, धातू उन्हानं फुगतो, घड्याळ एखादा निमिष मागे पडतं. या सगळ्यांना मिळून किती चुकायची मुभा आहे ते आधी ठरतं, आणि मग ती मुभा सगळ्यांत वाटून दिली जाते. याला आम्ही चुकांचं बजेट म्हणतो. आमची मुभा वीस आर्कसेकंदांची. एका अंशाचे छत्तीसशे तुकडे केले तर त्यातला एक म्हणजे आर्कसेकंद. यानाची मान एवढीशी वळली की खाली जमिनीवर किरण जवळजवळ अडीच मीटर सरकतो. माझ्या तक्त्यात बावीस ओळी आहेत, प्रत्येकीत एका चुकीचा वाटा, आणि सात वर्षं तो तक्ता मी डोळ्यांत तेल घालून जपलाय. कचेरीतली मुलं माझ्यामागे मला 'दशांशबाई' म्हणतात ते मला ठाऊक आहे. मला ते आवडतं हे मात्र, माझ्या मते, त्यांना ठाऊक नाही.

आता त्या दोन ओळी. नववी ओळ म्हणजे तारे बघणाऱ्या कॅमेऱ्याची बैठक उन्हानं वाकते ती चूक: आठ आर्कसेकंद. चौदावी म्हणजे लेझरची बैठक वाकते ती: नऊ. आठ आणि नऊ सतरा, पण आम्ही तसं जोडत नाही. दोन चुका एकमेकींना ओळखत नसतील, तर एक उजवीकडे जाते तेव्हा दुसरी कधी उजवीकडे जाते, कधी डावीकडे. थोडी फिटाफिट होते. म्हणून त्यांचे वर्ग घ्यायचे, बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचं. आठ आणि नऊ मिळून मग बाराच होतात. बाकीच्या वीस ओळी अशाच रीतीनं चौदावर येतात. सगळं मिळून साडेअठरा. वीसच्या आत. हे सगळं खरं, पण एका अटीवर: चुका एकमेकींना ओळखत नसल्या पाहिजेत. सुरुवातीला त्या ओळखत नव्हत्या. कॅमेरा आणि लेझर वेगवेगळ्या ब्रॅकेटवर बसत होते. पाच वर्षांपूर्वी वजन कमी करायची वेळ आली तेव्हा दोन ब्रॅकेट काढून एकच लांब पट्टी टाकली गेली. एका टोकाला कॅमेरा, दुसऱ्या टोकाला लेझर. ऊन लागलं की पट्टी मधे दबणार आणि दोन्ही टोकं एकदमच आत कलणार, एक इकडून, एक तिकडून. फिटाफिट नाही. आठ आणि नऊ सतरा. मी थांब्यावरच्या त्या फळीवर बसूनच मनात सगळं जोडलं, दोनदा जोडलं. बावीस. दोन आर्कसेकंद जास्त. आणि दुसऱ्या दिवशी अकरा वाजता शेवटची बैठक होती, जिच्यानंतर यान पेटीत बंद होऊन निघणार होतं.

कचेरीत पोचल्यावर मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे सबब शोधली. जुन्या फायलीतून पट्टीचा बदल मंजूर झाल्याची तारीख काढली. खाली माझी सही, ठसठशीत, तिला शोभेलशी रेघही मारलेली. मग त्या वर्षाची डायरी काढली. त्या आठवड्यात कुणी आजारी असेल, आईचं काही असेल, मला ताप असेल. आई तेव्हा ठणठणीत होती. ती नंतर दोन वर्षांनी गेली. त्या तारखेखाली माझ्याच अक्षरात एवढंच होतं: 'दाताचे डॉक्टर, साडेपाच'. दाढ भरायची होती, दुखतही नव्हती. साधा मंगळवार होता. मला काहीही झालेलं नव्हतं. मी नव्या पट्टीचे नवे आकडे मागवले, ते आले, ते मी त्या-त्या ओळीत नीट भरले, एका दशांशापर्यंत, आणि बेरजेची रीत मात्र जशीच्या तशी ठेवली. आकड्यांवर माझा एवढा जीव की ते कुणाच्या खांद्याला खांदा लावून उभे आहेत हे बघायचं राहूनच गेलं. दुसऱ्या कुणाकडून झाली असती तर मी या चुकीवर तासभर व्याख्यान दिलं असतं. दिलेलं आहेही, गेल्या वर्षी, एका बिचाऱ्या नवख्या मुलीला. ती मान खाली घालून वहीत लिहून घेत होती, आणि मी तिच्या वहीकडे बघून समाधान पावले होते.

जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी शेगडी येऊन बसला. यानावर ऊन-सावलीचं गणित तो करतो म्हणून ते नाव. माणूस खरं तर थंड डोक्याचा. आमच्याकडे एक रीत आहे, कुठे लिहिलेली नाही पण सगळे पाळतात. तुमची चूक सहा येत असेल तर तुम्ही साडेसात सांगायची. दीड खिशात. उद्या काही बिघडलं तर असावं हाताशी. मला हे माहीत असतं, मला माहीत आहे हे त्यांना माहीत असतं, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून सगळे सुखानं नांदतात. शेगडीनं डब्याचं झाकण उघडता उघडता माझा चेहरा वाचला असणार. "किती कमी पडतायत?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "कुणी सांगितलं कमी पडतायत म्हणून?" तो म्हणाला, "बैठकीच्या आदल्या दिवशी तुम्ही जेवायचं विसरताय, म्हणजे कमीच पडत असणार. हे बघा, नववीत आणि चौदावीत माझे दीड-दीड आहेत. हवे तर काढून घ्या. कशाला ते मी विचारणार नाही." मी कागदाच्या कोपऱ्यावर जोडलं. साडेसहा आणि साडेसात, चौदा. बाकीच्या वीस ओळींचे चौदा. दोन्ही मिळून एकोणीस पॉइंट आठ. वीसच्या आत, नीटनेटकं. बेरजेची रीत मी हळूच बदलली असती, आकडे हळूच उतरवले असते, आणि कुणाला ताकास तूर लागली नसती. "संध्याकाळपर्यंत सांगते," मी म्हटलं. मला लाज वाटली ती एवढ्याची की मला बरं वाटलं होतं.

दुपारभर मी तक्ता उघडा ठेवून बसले. मोह पैशाअडक्याचा असता तर मी कदाचित ओळखला असता. हा मोह माझ्या नावाचा होता. बावन्न वर्षांची बाई, आणि तिला भीती कशाची, तर उद्या सकाळी चौदा माणसांसमोर 'मी चुकले' या दोन शब्दांची. शिवाय शेगडीच्या खिशातले दीड-दीड खरे होते की नुसती सवय, हे त्यालाही छातीठोक सांगता आलं नसतं. ते नसतेच, तर पाच वर्षांनी कुठल्याशा तळ्याची पातळी वाढत असताना आमचा किरण कड्यावर पडत राहिला असता आणि आकडे सांगत राहिले असते की सगळं ठीक आहे. खाली राहणाऱ्या माणसांची तोंडं मला दिसत नव्हती, खोटं कशाला बोलू. मला दिसत होता वहीत लिहून घेणाऱ्या त्या मुलीचा भांग.

घरी आले तेव्हा बाबा खिडकीशी बसून जुन्या कातडी पिशवीला तेल चोळत होते. बाबा भूमापक होते, जमिनी मोजायचे. सुट्टीत मला बरोबर न्यायचे आणि साखळीचं एक टोक माझ्या हातात द्यायचे. "ताण. ढिली सोडू नकोस. हातभर ढिली सोडलीस तर कुणाचं तरी झाड शेजाऱ्याचं होईल." माझ्या तळहातावर त्या लोखंडी मुठीचा वास दिवसभर राहायचा, आणि मी तो झोपताना हुंगायचे. मोजत मोजत आम्ही शेताला फेरी घालून पहिल्या खुंटीशी परत यायचो, आणि मग बाबा वहीत डोकं खुपसायचे, कारण कागदावरची फेरी खुंटीशी कधीच बरोबर मिटत नसे. वीतभर, कधी हातभर फट राहायची. ती फट बाबा सगळ्या बाजूंमध्ये थोडी थोडी वाटून टाकायचे. मला वाटायचं ही लबाडी आहे. ते म्हणायचे, "चूक कुणा एकाच्या डोक्यावर मारायची नाही. सगळ्यांनी वाटून घेतली की कुणाला जड होत नाही." मी आयुष्यभर जे करत आले ते मला बहुतेक तिथेच लागलं. आता त्यांची बोटं थरथरतात. चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात आणि मी बघत नाही असं दाखवलं तर त्यांना आवडतं.

मी त्यांना सगळं सांगितलं. बाबांना आर्कसेकंद कळतात. कोन मोजण्यात जन्म गेलेला माणूस. पट्टीचं ऐकल्यावर त्यांनी पिशवी उलटली आणि दुसऱ्या बाजूला तेल लावायला घेतलं. मग म्हणाले, "तुला एक सांगितलेलं नाही. तुझ्या आईलाही नव्हतं सांगितलं." त्यांना नोकरी लागून चारच वर्षं झाली होती. एका गावची सगळी मोजणी त्यांनी संपवली, नकाशे रंगवले, आणि नंतर सहज साखळी तपासली तर ती वापरून वापरून ताणली गेली होती, वीतभर लांब झालेली. लांब साखळीनं मोजलं की जमीन कमी भरते. गावातलं प्रत्येक शेत कागदावर लहान झालं होतं. "मग?" मी विचारलं. "मग काय, अळीमिळी गुपचिळी. अकरा दिवस. दाढी करताना आरशात बघवेना. एकशे सात शेतं होती. म्हटलं एकशे सात चुका घेऊन साहेबापुढे कुठल्या तोंडानं जाऊ. बाराव्या दिवशी गेलो. साहेब म्हणाले, सगळ्यांना साखळी एकच वापरली होतीस ना? म्हटलं हो. म्हणाले, मग एकशे सात कुठल्या रे, एकच आहे. साखळी मोज, किती वाढली ते काढ आणि सगळे आकडे त्या हिशेबानं वाढव. दोन दिवसांचं काम. मी आपला अकरा दिवस जीव खात बसलो होतो." ते हसले, आणि पिशवीवर दोन थेंब जास्तच तेल सांडलं. "साहेब ओरडले नाहीत?" "ओरडले ना. पण एका चुकीसाठीच ओरडले."

मी उठून हात धुतले, नुसतेच, स्वच्छ होते तरी. म्हणजे फिटाफिट होत नाही हे दुखणं होतं तसंच औषधही होतं. ज्या चुका एकमेकींना ओळखत नाहीत त्यांचं तुम्ही काहीच करू शकत नाही. त्या कधी कुठे जातील ते त्यांनाही माहीत नसतं, फक्त सोसायच्या. पण या दोघी एकाच पट्टीच्या होत्या. पट्टी किती तापली की किती वाकते हे एकदा मोजलं, की यान वर असताना नुसतं तापमान बघून ते वाकणं आकड्यांतून वजा करता येईल. मी शेगडीला फोन केला. "तुमचे दीड-दीड तुमच्याकडेच राहू द्या," मी म्हटलं, "त्याऐवजी एक सांगा. त्या पट्टीवर तापमापक आहेत का?" तो म्हणाला, "दोन आहेत, दोन्ही टोकांना. हीटरसाठी लावलेत. का?" मी का ते सांगितलं. पलीकडे भांड्यांचा आवाज झाला, मग तो म्हणाला, "थांबा, गॅस बंद करतो आणि बसतो कागद घेऊन."

दुसऱ्या दिवशी बैठकीत माझी पाळी तिसरी होती. पहिल्या दोघांचं बोलणं मी ऐकलं नाही. माझी पाचावर धारण बसली होती. मग मी उभी राहिले, तक्ता पडद्यावर लावला आणि म्हटलं, "नववी आणि चौदावी ओळ पाच वर्षं चुकीच्या रीतीनं जोडलेली आहे. चूक माझी आहे." प्रमुखांनी पेन खाली ठेवलं. ते कमी बोलतात आणि बहुतेक वेळा प्रश्नच बोलतात. "खरी बेरीज?" "बावीस." "मुभा?" "वीस." "कुणाच्या लक्षात आलं?" "माझ्याच. काल, बसथांब्यावर." कुणीतरी खोकलं. मी पुढचा कागद लावला आणि पट्टी तापवून मोजायची कल्पना सांगितली; शेगडीनं रात्री जागून केलेला अंदाज दाखवला. वजाबाकी बरोबर जमली तर सतराच्या जागी तीन उरतील, असं तो अंदाज म्हणत होता, आणि मग सगळी बेरीज चौदा पॉइंट तीनवर येत होती, आजवरच्या कुठल्याही तक्त्यापेक्षा कमी. पण त्यासाठी यान बारा दिवस इथेच ठेवून पट्टी तापवण्याच्या खोलीत न्यावी लागणार होती, आणि अंदाज हा अंदाज होता. "बारा दिवस," प्रमुख म्हणाले, "लिहून द्या." त्यांनी पेन उचललं आणि पुढच्या माणसाकडे वळले. शाबासकी नाही, बोलणीही नाहीत. मी खाली बसले. माझ्या नावाचं काय झालं ते मला कळलं नाही, आणि गंमत म्हणजे बैठक संपेपर्यंत ते विचारायचंही सुचलं नाही. मला सणकून भूक लागली होती.

तिसऱ्या दिवशी पट्टीचे पहिले आकडे आले. पट्टी शहाण्या मुलासारखी वागत होती; दर अंशाला तेवढीच वाकत होती, तापताना आणि निवतानाही. शेगडीनं कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि त्यावर दोनदा टिचकी मारली. तीनसुद्धा नव्हते उरत, अडीच उरत होते. त्या दुपारी वजनकाटा आला. यानाचं वजन ग्रॅमाग्रॅमानं राखणारा हा गृहस्थ. दोन ब्रॅकेटची एक पट्टी करायची सूचना त्याचीच. एरवी तो दारातूनच बोलून जातो. आज आत आला, दार लोटून घेतलं आणि उभाच राहिला. "तुमच्याशी एक बोलायचं होतं," तो म्हणाला. "ती पट्टी जोडली ना, तेव्हाच मला वाटलं होतं. की आता दोन्ही टोकं एकदम कलतील, तर बेरीज तीच कशी." "तेव्हाच?" "हो. त्याच आठवड्यात." "मग विचारलं का नाहीत?" तो आपल्या बुटांकडे बघत होता. "तुम्हाला?" तो म्हणाला. "तुमच्याकडून चूक कशी होईल? म्हटलं, दशांशबाईंनी जोडलंय, म्हणजे मलाच कळलं नसणार. उगाच विचारायचं आणि हसं करून घ्यायचं."

मला वाटलं होतं बैठकीतलं ते एक वाक्य सगळ्यात अवघड होतं. ते नव्हतं. पाच वर्षं उत्तर दोन खोल्या पलीकडे बसून ग्रॅम मोजत होतं, आणि त्याला दारात अडवून ठेवलं होतं ते माझ्याच नावानं, ज्याच्यासाठी मी ती अख्खी दुपार जीव टांगून बसले होते. मला वाईट वाटलं. अगदी खरंखुरं वाटलं. पण त्याच्या तळाशी, मला नवल वाटेल एवढं हलकंही वाटत होतं. मी पलीकडची खुर्ची ओढून टेबलाशी लावली. "बसा," मी म्हटलं. "आणखी काही वाटतं का, असंच?" तो बसला, पण टोकावर. "आहे एक. सहाव्या ओळीबद्दल. अगदी खुळचट आहे पण." मी तक्ता त्याच्याकडे वळवला. त्याची शंका चुकीची होती. पहिल्या मिनिटातच मला कळलं. मी ते लगेच सांगितलं नाही. आम्ही दोघांनी मिळून ती चुकीची ठरवली, त्याला चाळीस मिनिटं लागली, आणि मधे एकदा मी सातात नऊ मिळवून सतरा केले ते त्यानं पकडलं. जाताना तो दाराशी थांबला. "उद्या येऊ का? दोन आहेत अजून."

"या," मी म्हटलं. "आणि येताना दार उघडंच ठेवा."